स्कॉटलंडच्या स्थळाची चौकशी

“आधी विचार, दारू पितात का.”

तात्या माझ्या शेजारी, पण कॅमेऱ्यात दिसणार नाहीत अशा बेताने खुर्ची तिरकी करून बसले होते. लॅपटॉपच्या पडद्यावर स्कॉटलंडचे गिलेस्पी नवरा-बायको होते. दोघंही साठीच्या आसपासचे, दोघांच्या अंगात एकाच राखाडी रंगाचे स्वेटर. गिलेस्पींनी मला त्यांच्या लॅबमध्ये घ्यायचं नक्की केलं होतं आणि आता तुमच्या घरच्यांना काही शंका आहेत का, असं ते सौजन्याने विचारत होते. आमच्या घरात शंका म्हणजे काय असतं, याची त्या बिचाऱ्यांना कल्पना नव्हती.

“वडील विचारताहेत, तिकडची हवा कशी असते,” मी इंग्रजीत म्हणाले.

गिलेस्पी खूश झाले. समुद्रावरून वारा कसा येतो, माणूस रस्त्यातून कसा वाकडातिकडा चालतो, छत्री कशी उलटी होते, हे त्यांनी दोन्ही हात हलवून आणि खुर्चीत डोलून दाखवलं.

“बघ,” तात्या माझ्या कानाशी म्हणाले. “लई पितो. सांगताना सुद्धा कसा डुलतोय. आणि वर हसतोय.”

तात्या म्हणजे माझे वडील. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. नोकरी सुटली तरी संशय काही सुटला नव्हता. दूधवाल्याला ते एकच प्रश्न वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या तऱ्हेने विचारत आणि उत्तर बदलतंय का ते बघत. आई होती तोवर ती हसून विषय बदलायची. ती गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो, आणि संशय घ्यायला मी एकटीच.

मी दात बनवते. डेंटिस्ट माप पाठवतो, त्यावरून आम्ही लॅबमध्ये कॅप, ब्रिज, कवळ्या घडवतो, पोर्सेलिनचे थर चढवतो, शेजारच्या दाताच्या रंगाशी रंग जुळवतो. पुण्यात हे काम मी बरीच वर्षं केलं होतं. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या त्या छोट्या गावात गिलेस्पींना असं काम करणारं माणूस मिळत नव्हतं, म्हणून ते मला स्पॉन्सर करणार होते. तिथल्या नोंदणीचे कागद वर्षभर रखडून शेवटी मार्गी लागले होते. आता फक्त व्हिसा उरला होता.

स्पॉन्सर म्हणजे काय, हे तात्यांना समजावून सांगितलं तीच माझी चूक.

“म्हणजे त्याच्या नावावर जायचं?”

“हो. त्यांनी सरकारला कळवायचं, की ही बाई आम्हाला हवी आहे. मग व्हिसा मिळतो.”

“दुसरीकडं काम करायचं न्हाई?”

“नाही. दुसरीकडे जायचं तर दुसऱ्या मालकाने पुन्हा सगळं करायला पाहिजे.”

“आणि ह्यानं सोडलं तर?”

“मग ठराविक मुदतीत परत यायचं.”

तात्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. “त्याच्या नावावर जायचं, त्याच्याच दारात राबायचं, त्यानं टाकलं तर माहेरी यायचं. हेमे, ही नोकरी न्हाई. हे स्थळ हाय. आणि स्थळ म्हटलं की चौकशी आली.”

मी हसले होते. पण तात्या गंमत करत नव्हते. लग्नाचं स्थळ आलं की जसं मुलाच्या गावी जाऊन, शेजारीपाजारी बसून, टपरीवर चहा पिऊन माहिती काढतात, तशी त्यांना गिलेस्पींची माहिती काढायची होती. घर स्वतःचं का भाड्याचं, भावाभावांत वाद आहेत का, बायकोशी कसा वागतो. कॉलवर त्यातले तीन-चार प्रश्न मी गिळून टाकले, उरलेल्यांचं हवापाणी करून टाकलं.

पण तात्या काही दूधखुळे नव्हते. मी भलतंच विचारतेय, हे त्यांनी समोरच्यांच्या चेहऱ्यावरून ओळखलं. एकदम खुर्ची ओढून ते कॅमेऱ्यासमोर आले आणि स्वतःच्या इंग्रजीत गरजले, “मिष्टर! बिफोर माय डॉटर, हू वर्किंग? व्हाय गो?”

गिलेस्पी दचकले. मग म्हणाले, आधीही एक भारतीय मुलगीच होती. महाराष्ट्रातलीच. कल्पना बिराजदार. फार हुशार. तिचं लग्न झालं, आता ती ग्लासगोला असते.

ते बोलत असताना मिसेस गिलेस्पींनी मान खाली घातली आणि स्वेटरच्या बाहीशी चाळा सुरू केला.

“ॲड्रेस?” तात्या म्हणाले.

तसा कुणाचा पत्ता देता येत नाही, असं गिलेस्पी अगदी नम्रपणे म्हणाले. कॉल संपला.

“पाह्यलंस?” तात्या लॅपटॉपच्या काळ्या पडद्याकडेच बघत होते. “त्यानं पत्ता दिला न्हाई. आणि त्या बाईनं नाव निघाल्याबरोबर खाली बघितलं. त्या पोरीचं काहीतरी झालंय तिथं.”

“तात्या, तिचं लग्न झालंय.”

“आसं तो म्हणतो.”

मी चिडून आत निघून गेले. पण खरं सांगायचं तर त्या बाईंचं खाली बघणं मलाही दिसलं होतं, आणि रात्री पाठ टेकल्यावरही ते डोळ्यांसमोरून हलेना.

व्हिसाच्या कागदांत पोलिसांचा चारित्र्याचा दाखला लागत होता. अर्ज देऊन कितीतरी दिवस झाले, तरी आमच्या गावच्या ठाण्याचा अहवाल सोलापूरला जाईना. गिलेस्पींच्या स्पॉन्सरशिपच्या पत्राला मुदत होती. ती उलटली की त्यांना सगळं पहिल्यापासून करावं लागणार होतं, आणि ते दुसरं कुणी बघतील अशी मला धास्ती होती. ज्या ठाण्यात तात्यांनी उभी हयात काढली तिथेच माझा कागद अडावा, याचं मला आधी नवल वाटलं. मग नवल वाटेनासं झालं.

मी ठाण्यात गेले. पासपोर्टचं काम बघणारे क्षीरसागर काका मला लहानपणापासून ओळखत होते. मला बघताच ते उगाचच टेबलावरचे कागद इकडचे तिकडे करायला लागले.

“काका, माझा अहवाल का जात नाही?”

“जाईल की. साहेब बाहेर आहेत.”

“साहेब आत चहा पिताहेत. मी येताना बघितलं.”

काकांनी कपाळ पुसलं. “हेमा, तू मला कशाला अडचणीत आणतेस? घरी विचार ना.”

मला आणखी काही विचारायची गरज उरली नाही.

घरी आले तेव्हा तात्या अंगणात कढीपत्त्याला पाणी घालत होते.

“अहवाल तुम्ही थांबवलात?”

“व्हय,” त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही.

“तुम्हाला लाज नाही वाटत? माझी वर्षाची मेहनत आहे ती.”

“चौकशी पुरी झाल्याबिगर कागद हलणार न्हाई.”

“तुमची चौकशी या जन्मी पुरी होणार आहे का? तुम्ही आयुष्यात कुणावर विश्वास ठेवलाय? तुम्हाला मला पाठवायचंच नाही, तात्या. सरळ तसं म्हणा. म्हातारपणी भाकरी कोण थापणार, म्हणून हे सगळं चाललंय.”

त्यांनी तांब्या खाली ठेवला. “भाकरी मला थापता येती,” ते म्हणाले. “बिराजदार म्हणजे उमरगा-निलंग्याकडची माणसं. तिकडच्या ठाण्यातल्या जुन्या दोस्तांना फोन लावलेत. एका घरची पोरगी परदेशात दात बनवायला गेलीय, असा उमरग्यात पत्ता लागलाय. उद्या सकाळच्या एसटीनं जातो.”

“आणि तिथे कळलं, की सगळं वाईट आहे, तर?”

“तर तू जायचं न्हाई.”

“आणि चांगलं आहे असं कळलं तर?”

“तर जायचं.”

वाईटच कळणार, अशी माझी खात्री होती. न कळलं तर तात्या ते कुठूनतरी पैदा करतील, असंही वाटत होतं. चौकशीला गेलेला माणूस येऊन काय सांगतो, त्यावरच तर स्थळं जुळतात आणि मोडतात. तिथे जाऊन ताळा कोण बघतो?

तात्या गेले. एक रात्र तिकडेच राहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतले, तेव्हा मी भांडायच्या पूर्ण तयारीत होते. त्यांनी पाय धुतले, पिठलं-भाकरी खाल्ली. मी समोर बसून होते.

मग हात पुसत तात्या म्हणाले, “जागा चांगली हाय. जा.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

“काय?”

“जागा चांगली हाय म्हटलं. नवरा-बायको दोघं चांगली हायत. पगार वेळेवर देत्यात. बाई सणासुदीला जेवायला बोलावती. तो पितो, पण बेतानं. तू जा.”

आता संशय घ्यायची पाळी माझी होती. मी त्यांचीच मुलगी. उलटतपासणी कशी घ्यायची, ते मी त्यांच्याकडूनच शिकले होते.

“ती मुलगी तिथून का गेली?”

“लग्न झालं. नवऱ्याची नोकरी ग्लासगोला.”

“मग त्या बाईंनी मान खाली का घातली?”

“तिचा जीव होता पोरीवर. आठवण आली असंल.”

“इतकंच?”

“इतकंच.”

“तुम्ही उमरग्याला गेला होतात ना नक्की?”

“तिकीट दाखवू का?”

“कल्पनाचे आईवडील काय म्हणाले?”

इथे तात्या उठले. “आई भेटली. वडील वारले,” ते म्हणाले आणि फोनकडे गेले. मी ऐकत असतानाच त्यांनी क्षीरसागर काकांना सांगितलं, की पोरीचा अहवाल उद्याच्या उद्या पाठवून द्या.

त्या रात्री मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आयुष्यभर दूधवाल्यावर संशय घेणारा माणूस एका रात्रीत गिलेस्पींना नावाजतो, हे माझ्या गळी उतरेना. तिकडे कुणी यांची समजूत घातली? का माझ्या बोलण्याने ते दुखावले आणि ‘जा एकदाची’ म्हणून मोकळे झाले? का मलाच घालवून त्यांना मोकळं व्हायचं होतं? गल्लीतल्या एका बाईने तर मला बाजूला घेऊन, हवालदार आता दुसरा संसार थाटतील बघ, असंही सुचवून ठेवलं. मी तिला झटकून टाकलं, पण ते बोलणं डोक्यात राहिलंच.

निघताना विमानतळाच्या दारापर्यंत तात्या आले. तिथल्या शिपायाला, सामान कोण तपासतं आणि तो माणूस भरवशाचा आहे का, असं विचारून त्यांनी त्याला पुरता बेजार केलं. मला म्हणाले, “कागद जिवापाड जप.” डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. मी आत गेले आणि मागे बघितलं, तर ते केव्हाच वळून चालायला लागले होते. मला त्या पाठीचा राग आला होता.

जागा खरंच चांगली निघाली. मिसेस गिलेस्पींनी पहिल्याच आठवड्यात माझ्यासाठी जाड मोजे विणले. वारा गिलेस्पींनी दाखवला होता तसाच होता, लोक खरोखर वाकडेतिकडे चालत. काम भरपूर होतं आणि माझ्या हाताला मान होता. व्हिसा संपत आला की गिलेस्पी पुन्हा कागद करत. एक वर्ष, दुसरं वर्ष करता करता माझं आयुष्य तिथे रुळलं. सगळ्या वर्षांत मी घरी एकदाच जाऊन आले.

तात्यांना मी दर रविवारी फोन करायचे. ते मालकाची, घराच्या कड्यांची, शेजाऱ्यांची चौकशी करत. पण ‘कधी येणार’ हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. तिकडे आलेल्या इतर भारतीयांच्या आईबापांचे फोन मी ऐकत होते. ते रडत, रुसत, देवाची शपथ घालत. आमच्याकडे तसलं काही नाही. मला ते लागत होतं. ज्या माणसाने मला अडवायला ठाण्यातला कागद रोखला, त्याला आता मी आले काय न आले काय, सारखंच?

मग गिलेस्पींनी लॅब विकायचं ठरवलं. नवा मालक भला माणूस होता, मला ठेवून घेणार होता, माझे कागदही त्याच्या नावावर झाले होते. निरोपाच्या दिवशी दुपारी लॅबमध्येच छोटासा समारंभ झाला. ग्लासगोहून एक बाई आली. मिसेस गिलेस्पी तिच्या गळ्यात पडून रडल्या. ती कल्पना बिराजदार.

चहा झाल्यावर मागच्या खोलीत आम्ही दोघी कप धूत होतो. ती धूत होती, मी पुसत होते.

“तुझे वडील हवालदार ना?” तिने मराठीत विचारलं. “आमच्या घरी आले होते एकदा. उमरग्याला.”

“खरंच आले होते?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“म्हणजे काय? आईनं सगळं फोनवर सांगितलं होतं मला. रात्री आमच्याकडेच राहिले. आईला काय काय विचारलं त्यांनी. मालक हात उगारतो का, पासपोर्ट काढून घेतो का, जेवायला काय देतात. आई म्हणाली, पोलीस होते, पण लेकीच्या काळजीनं अर्धे झाले होते.”

“मग आईंनी काय सांगितलं?”

कल्पनाने नळ बंद केला.

“माझे बाबा वारले ना, तेव्हा मी इथेच होते. व्हिसा वाढवायला टाकला होता. पासपोर्ट व्हिसा ऑफिसात अडकलेला. त्यातून देश सोडला तर अर्जच रद्द, आणि परत येणं नाही. या मिसेस गिलेस्पी सगळीकडे फोन करत होत्या, रडत होत्या. मला म्हणाल्या, जा तू, लॅबचं काय व्हायचं ते होऊ दे. मी नाही गेले. घरावर कर्ज होतं, भाऊ शिकत होता. बाबांना भावानं अग्नी दिला, मी या खोलीत बसून फोनवर रडणं ऐकलं.”

मिसेस गिलेस्पींनी मान का खाली घातली होती, ते मला इतक्या वर्षांनी कळलं. माझ्या हातातला कप पुसून कोरडा झाला होता, तरी मी तो पुसतच होते.

“हे सगळं आईंनी तात्यांना सांगितलं?”

“सगळं. तुझ्या वडिलांनी विचारलं, म्हणजे जागा वाईट आहे का? तर आई म्हणाली, दादा, वाईट असती तर माझं लेकरू परत नसतं का आलं? जागा चांगली हाय, हेच आमचं वाटोळं झालं.”

बाहेर कुणीतरी भाषण करत होतं. हसण्याचा आवाज आला.

“आई त्यांना म्हणाली, तुम्हाला एकच लेक आहे. घरी जाऊन सांगा, जागा वाईट आहे म्हणून. तुमच्या एका शब्दावर ती थांबेल, आणि तिथे बघायला कोण जाणार आहे? तर तुझे वडील म्हणाले, चौकशीला आलेल्या माणसानं खोटं सांगू नये, बाई. पोरीचं चांगलं स्थळ मोडतं. सकाळी उठले, आईच्या पाया पडले आणि गेले.”

“त्यांनी मला यातलं काहीच सांगितलं नाही,” मी म्हणाले.

“सांगितलं असतं तर आली असतीस का तू?”

कल्पनाने माझ्या हातातून कप काढून घेतला आणि माझ्या पाठीवर ओला हात ठेवला. मी तिथेच, बेसिनला टेकून, ओक्साबोक्शी रडले. माझी आई गेली तेव्हासुद्धा मी इतकी रडले नव्हते.

मग लॅबच्या मागच्या दाराबाहेर वाऱ्यात उभं राहून तात्यांना फोन लावला. तिकडे संध्याकाळ असणार. वार रविवार नव्हता, त्यामुळे त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला.

“काय झालं?”

“काही नाही. तात्या, मी घरी येतेय. पुढच्या महिन्यात.”



“कशापायी?”

“अशीच.”

“नव्या मालकानं काढलं का?”

“नाही.”

“काही बोलला का? हेमे, खरं सांग. अंगावर आला का?”

“नाही हो. फार भला आहे तो.”

“मग पगार थकवला?”

“नाही तात्या. सगळं ठीक आहे. जागा चांगली आहे.”

मग तात्या सावकाश, साक्षीदार खोटं बोलतोय की काय असं चाचपून बघावं तसं म्हणाले,

“जागा चांगली हाय, तर मग तू परत कशी यायलीस?”